तीनदा चांगलं म्हणायचं नाही

...आणि किटली तू मला दिली नाहीसच, आजा. शेवटपर्यंत नाही.

लहानपणापासून किती वेळा म्हटलं, "आजा, किटली लई भारी हाय." तू म्हणायचास, "एकदा बोल्लास, आयकलं. आता गप."

माझ्याबद्दलही कधी दोन शब्द चांगले बोलला नाहीस. आज तुला जाऊन वर्ष झालं, तरी भांडण मिटलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

मुरुडला आमच्या घरात फळीवर एक जपानी किटली आहे. मातीची, छोटीशी, वर दोन निळ्या चिमण्या. ती आजाच्या बापाने, म्हणजे माझ्या पणजाने आणली. तीस-पस्तीस सालची गोष्ट. आजा तेव्हा रांगत होता.

पणजा आगबोटीवर कोळसा टाकायचा. बोट दुरुस्तीला कोबे बंदरात अडकली. काम करताना तिथल्या एका सुताराचा हात कापला. पणजाने डोक्याचा रुमाल फाडून बांधला. सुताराने त्याला घरी चहाला बोलावलं.

पणजाला जपानी शब्द एकच येत होता. किरेई. म्हणजे सुंदर.

आता पाहुणा म्हणून गेलाय तर काहीतरी चांगलं बोलायला हवं ना?

दिवा बघितला, किरेई. पंखा बघितला, किरेई. किटली बघितली आणि तिथेच अडकला. किरेई, किरेई, किरेई.

निघताना सुताराच्या बायकोने किटली फडक्यात बांधून हातात दिली. हा नको नको करतोय, ते दोघं वाकून वाकून देतायत.

खुशीत बोटीवर आला. खलाशांचा सारंग, म्हणजे मुकादम, इस्माईलचाचा, आपल्या मुरुडचाच. त्याने कपाळाला हात लावला.

"अरे धाकू, तू तारीफ केलीस का मागून आलास? इथं एकाच चीजेची इतकी तारीफ केली की मालकाला वाटतं, पाहुण्याला हवी हाय. मग न देऊन कसं चालेल?"

"मंग परत देऊन येतो."

"परत दिलीस तर त्यांच्या तोंडावर मारल्यासारखं. तुझ्याकडची आवडीची चीज घेऊन जा."

पणजाकडे आवडीची वस्तू एकच. आईने दिलेला पितळी पानाचा डबा. तो घेऊन गेला.

सुताराने डबा दोन्ही हातांनी घेतला, फिरवून बघितला, एकदाच हळू किरेई म्हणाला.

मग चहा आला. पोचे पडलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यातून.

घरात किटली ती एकच होती.

त्या दिवशी पणजाने फक्त चहाचं कौतुक केलं. चहा कोणी बांधून देत नाही.

तेव्हापासून आमच्या घरचा कायदा. दुसऱ्याकडचं काही आवडलं तर एकदा बोलायचं आणि गप बसायचं. गावात आम्हाला खडूस म्हणतात. म्हणू देत.

मी नववीत शाळा सोडली. कुठेच टिकलो नाही. शेवटी कतारला आलो. पहिल्या सुट्टीत स्वतःच्या पैशाने घराला रंग दिला. आजाने भिंतीवरून हात फिरवला. "बरा झाला." बस. एकदाच. मी फुगून परत आलो.

मग तो व्हिडिओ कॉल. माझ्या बेडवर वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट होतं.

"कांबल बरा हाय रे."

दुसऱ्या दिवशी, "त्यो वाघाचा कांबल बरा हाय."

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"आजा, तीनदा झालं! कायदा तुझाच."

तोंडात एकही दात नाही, पण काय हसला. "मंग दे."

सुट्टीवर जाणाऱ्या दोस्ताबरोबर लगेच पाठवलं. शेवटचा हिवाळा आजा त्या वाघाखाली झोपला.

आई सांगते, येईल त्याला दाखवायचा. "माझ्या नातवानं दिला. बरा हाय ना?" आणि समोरचा दुसऱ्यांदा बरा म्हणायच्या आत घडी करून उशाखाली.

किटली का देत नाहीस, विचारलं होतं एकदा. म्हणालास, "ती आपली कुठं हाय? त्या बाईची हाय. आपण नुसती सांभालतो."

बरं. मग मीपण सांभाळीन.

आई, आज वर्षश्राद्धाला घरी येतील त्यांना पहिला कप त्या किटलीतून दे. कोणी चांगली आहे म्हटलं तर हस. दुसऱ्यांदा म्हटलं तर लगेच बिस्किटं पुढे कर.

आजा, नीट झोप. वाघ आहेच.

दूध, साखर, बिस्किटं धरून चार हजार पाचशे पाठवलेत, आई.