अंगठी वाजली की ब्रेक

परीक्षक साहेब काही बोललेच नव्हते, तरी मी ब्रेक मारला. आणि कुठं मारला, तर राउंडअबाउटच्या ऐन मधात. मागून पाण्याचा टँकर येऊन राह्यला होता, त्यानं लांबलचक हॉर्न दिला. बाजूला बसलेले साहेब पुढं झुकले, सीटबेल्टनं त्यांना परत ओढलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं.

‘क्यूं रुका?’

‘साहब, आपने बोला.’

‘मैं कुछ नहीं बोला.’

ते खरंच होतं. साहेबांच्या बोटात चांदीची जाड अंगठी होती आणि विचार करताना ती डॅशबोर्डवर वाजवायची त्यांना सवय होती. टक्. ती टक् कानावर आली आणि माझा पाय ब्रेकवर गेला. आता वैतागून त्यांनी परत बोट आपटलं. टक् टक्. मी लगेच गिअर टाकला आणि गाडी पुढं काढली.

‘अब क्यूं चला?’

याचं उत्तर माझ्यापाशी होतं, पण ते हिंदीत सांगेपर्यंत आम्ही पुढच्या गावाला पोचलो असतो. साहेबांनी कागदावर फुली मारली. नापास.

ही गोष्ट ओमानमधली. मी वाशीम जिल्ह्यातला, मानोऱ्याकडचा. शाळा सातवीत सुटली, स्टिअरिंग त्याच्या मागोमाग हातात आलं. सोयाबीन, तूर भरायची आणि वाशीम, अकोल्याच्या बाजारात नेऊन टाकायची, हे माझं काम. माझ्या गाडीवर क्लीनर म्हणून माझे सख्खे मामा होते. क्लीनर म्हणजे ड्रायव्हरच्या पलीकडं बसून त्या बाजूचा रस्ता सांभाळणारा माणूस. तोंडानं ओरडून इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून तो दाराचा पत्रा ठोकतो. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. ठोकतच राहिला तर आपण कशाला तरी लागलो आहोत.

मामा माझ्यापेक्षा मोठे. त्यांनी ठोकलं की का ठोकलं हे विचारायची माझी टाप नव्हती. इतकी वर्षं गाडी चालवली, पण माझ्या गाडीची डावी बाजू मी कधी पाहिलीच नाही. ती मामांची होती. डावीकडच्या आरशात ते दाढी करत.

अशा माणसाला कंपनीनं हेवी ड्रायव्हरचा व्हिसा दिला. खडी आणि दगड वाहणारी कंपनी. उपकारच म्हणायचे, आमच्याकडच्या सातवी शिकलेल्याला कोण विचारतं? पण इथं आपलं लायसन्स चालत नाही. इथलं काढावं लागतं. ते निघेपर्यंत मला यार्डात टिपर, म्हणजे खडीचे ट्रक, धुवायला ठेवलं.

तिकडं गावातल्या पोरांनी मी विमानात बसायच्या आधीच मानोऱ्याच्या स्टँडवर माझं बॅनर लावलं होतं. ‘आखाती देशात ट्रकचालकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ माझं डोकं कापून एका लालभडक ट्रकपुढं चिकटवलं होतं. ट्रकच्या मागं बर्फाचे डोंगर. इथं सकाळी आठला टिपरच्या पत्र्याला हात लावला की कातडी चिकटते.

फोनवर माय विचारायची, ‘जय भीम बाबू. गाडी भेटली काय रे?’

‘भेटली न माय. रोजच हाताखाली असते.’

हे खोटं नव्हतं. पाण्याचा पाइप दुसऱ्या हातात असायचा एवढंच.

इथली परीक्षा तीन तुकड्यांत होते. पहिली ड्रमची. लोखंडी ड्रम उभे करून ठेवतात, त्यांच्या मधून गाडी रिव्हर्स घ्यायची, ड्रमला लागू द्यायचं नाही. मग चढावर गाडी थांबवून मागं न घसरता परत काढायची. शेवटी रस्त्यावरची.

ड्रममध्येच माझी बोंब झाली. इथं स्टिअरिंग डाव्या हाताला, गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं. पहिले काही दिवस मी उलट्याच दारानं चढायचो आणि स्टिअरिंग कुठं गेलं म्हणून पाहायचो. रिव्हर्स टाकला की मी समोर पाहत बसे, पलीकडून ठोका यायची वाट पाहत. ठोका यायचाच नाही. ड्रम पडल्याचा आवाज यायचा.

माझे उस्ताद, म्हणजे इथले गाडी शिकवणारे, सालेम नावाचे म्हातारे गृहस्थ होते. त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा बरं. ते म्हणाले, ‘शीशा देखो, शीशा!’ मी आरशात पाहिलं. आरशात बाजू दिसत होती, पण तिच्यावर विश्वास बसत नव्हता.

शेवटी मी मामांना फोन लावला.

‘काहून बे, तुले डोये नाईत काय?’ मामा म्हणाले.

‘डोये हायेत मामा, पण तुमी नाई.’

मामांनी तोंडातलं पान थुंकलं. मग म्हणाले, ‘व्हिडिओ लाव. फोन बांध तिकडच्या आरशाले.’

आम्ही तसंच केलं. उस्तादांनी स्वतःच्या डोक्याच्या रुमालानं माझा फोन उजव्या आरशाला बांधला. मामा मानोऱ्यात पानठेल्यावर बसून ओमानमधला माझा टिपर मागं घेऊन राह्यले होते. आजूबाजूचे चार लोक जमले असावेत, कारण आवाज पुष्कळ येत होते.

‘येऊ दे. येऊ दे. येऊ दे, लय जागा हाये.’

धडाम. ड्रम पडला.

मग फोनवरून आलं, ‘बस बस बस! थांब रे!’

मामांची चूक नव्हती. तिकडं नेटवर्क असं, की माझा ड्रम त्यांना पडून गेल्यावर दिसत होता. आम्ही तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा मामांनी पडलेला ड्रम वाचवायचा प्रयत्न केला. चौथ्या वेळी, ते ‘लय जागा हाये’ म्हणत असताना, मी चोरून आरशात पाहिलं. जागा अजिबात नव्हती. मी थांबलो. ड्रम उभाच.

‘पाह्यलं का? कसा बरोबर सांगतला!’ मामा ओरडले. पानठेल्यावर टाळ्या वाजल्या.

‘बरोबर मामा,’ मी म्हणालो. पण त्या दिवसापासून माझ्या गाडीला दुसरी बाजू आली. ड्रम निघाला, चढही निघाला. आणि रस्त्यावरच्या परीक्षेत अंगठी वाजली.

यार्डात परतलो तेव्हा आमचे फोरमन मॅथ्यूसाहेब वाट पाहत होते. माणूस केरळचा, आवाजानं कडक, पण माझी रोजची भाजी त्यांच्याच डब्यातली.

‘पास?’

‘नहीं साहब.’

‘देखो. ऑफिसवाला बोलता, एक टेस्ट और. उसके बाद टिकट. मैं कुछ नहीं कर सकता.’

टिकट म्हणजे परतीचं. मला रात्रभर ते बॅनरच दिसत राहिलं. परत गेलो तर स्टँडवर त्याच्याच खाली उतरायचं होतं.

मी ठोक्यांची सगळी हकीकत उस्तादांना सांगितली. ते पोट धरून हसले. यार्डात मॅथ्यूसाहेबांनाही सांगितली. ते म्हणाले, की ही खोड काढायची तर कानच बहिरे करावे लागतील. त्यांनीच संध्याकाळी यार्डातले सगळे धुणारे गोळा केले. मी टिपर घेऊन यार्डात गोल फिरायचं. बाकीच्यांनी बाजूनं चालत पाइपच्या तुकड्यानं, ब्रशनं, हातानं पत्रा ठोकायचा. मी थांबायचं नाही.

पहिल्या दिवशी मी दर ठोक्याला थांबलो. एक बिहारी भाऊ दारावर चढून ओरडला, ‘अरे काका, चलो! हम तो मजाक में ठोक रहे हैं!’ दुसऱ्या दिवशी कमी थांबलो. आठवड्यानं अशी स्थिती आली, की आठ-दहा माणसं गाडीवर वरात काढल्यासारखं बडवत होती आणि मी शांतपणे तिसरा गिअर टाकत होतो. दिवसभर गाड्या धुऊन थकलेली माणसं. माझ्यासाठी पत्रा बडवायला रोज थांबायची. त्यांचं हे मी विसरणार नाही.

परीक्षेला तेच साहेब आले. अंगठीही तीच. मी मनाशी म्हणालो, वाजवा आता.

राउंडअबाउट नीट झाला. लेन बदलली, आरसे पाहिले. दुकानांच्या रांगेपाशी साहेबांनी रस्त्याच्या कडेकडं पाहिलं आणि अंगठी वाजवली. टक्.

मी नजर हलवली नाही. गाडी पुढं.

साहेबांनी जरा जोरात वाजवली. टक्! मी पुढं. त्यांनी माझ्याकडं पाहून डॅशबोर्डवर मूठ आपटली. मी मनातल्या मनात यार्डातल्या सगळ्यांचे आभार मानत चौथा गिअर टाकला. दुकानं संपली. पेट्रोल पंप गेला. शाळा गेली.

‘रुको!’ साहेब ओरडले. ‘मुँह से बोलता हूँ, रुको!’

मी इंडिकेटर दिला, आरसा पाहिला, गाडी कडेला घेतली. हँडब्रेक.

साहेब म्हणाले, ‘तेरे उस्ताद ने मेरे को बताया, इसको ठोक के समझाओ, इसको वही भाषा आती है. मैंने ठोका. तू रुका नहीं. पिछली बार नहीं बोला तो रुका. क्यूं?’

‘साहब,’ मी म्हणालो, ‘नहीं रुकने का प्रॅक्टिस किया. पूरे यार्ड ने कराया.’

मग मला सगळंच सांगावं लागलं. ठोके, मामा, पाइपाचे तुकडे. साहेब आधी ऐकत राहिले, मग त्यांनी तोंडावर हात धरला, मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे पुसले. शेवटी बोटातली अंगठी काढून खिशात टाकली आणि म्हणाले, ‘चलो. अब सिर्फ मुँह से.’

पुढचा अर्धा रस्ता ते बोलले आणि मी केलं. पास.

दुसऱ्या दिवशी मॅथ्यूसाहेबांनी मला एका टिपरची चावी दिली. तो अजून धुतलेला नव्हता. आधी तो मीच धुतला.

उस्तादांनी माझ्या भल्यासाठी साहेबांना सांगितलं, साहेबांनी माझ्या भल्यासाठी ठोकलं, यार्डानं माझ्या भल्यासाठी मला बहिरं केलं. फक्त कोणी कोणाला विचारलं नाही. आपल्याकडचे कोणी इकडं ड्रायव्हर म्हणून यायचं म्हणत असतील तर एवढंच सांगतो. गाडी कशीही शिका, पण कोणी मदत करून राह्यला असेल तर बाकीच्या मदत करणाऱ्यांना ते आधी कळवून ठेवा.