ब्रेकमामांची मांडी

गाडी चालवायला शिकवणाऱ्या या गृहस्थांना सगळे ब्रेकमामा म्हणतात, आणि त्यात कुणाचा काही दोष नाही. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. तो अडीअडचणीसाठी. मामा तो समोर कावळा बसलेला दिसला तरी दाबतात. बावीस वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा नाही, पण तिसऱ्या गिअरचं तोंड पाहिलेले विद्यार्थीही बोटांवर मोजण्याइतकेच.

त्यांची भाची दोन महिने खोलीबाहेर पडेना. कॉलेज सुटलं, ताट अर्धं परत जाऊ लागलं, तशी मामांना काळजी लागली. त्यांनी रोज फोन करून सल्ले दिले. पहाटे ऊठ, गार पाण्याने आंघोळ कर. आठव्या दिवसापासून तिने फोन उचलणंच सोडलं. आता ही पोरगी आपल्याशीही बोलणार नाही, या धसक्याने मामा वाचनालयातल्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन बसले. तरुण मुलांचं मन खचायला लागलंय हे वेळीच कसं ओळखावं आणि आधार कसा द्यावा, हे तिथे शिकवत होते.

शिकवणाऱ्या बाई उदास मुलीची भूमिका करणार आणि मामांनी नुसतं ऐकायचं, असा सराव होता. बाई म्हणाल्या, "मला हल्ली काही करावंसंच..."

"व्यायाम!" मामा म्हणाले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी बदाम सुचवले. तिसऱ्या खेपेला बाई सोंग विसरून खरोखरच भडकल्या. "काका, खाली बघा! मी तोंड उघडलं की तुमचा पाय फरशी दाबतो!"

खरंच दाबत होता.

"तो आवरा आणि ऐका. गरज वाटली तर डॉक्टरांकडे सोबत जा. बस, एवढंच करायचंय."

मामांनी भाचीला निरोप धाडला, गाडी शिकायला ये, मी बोलणार नाही. हे कसं शक्य आहे ते बघायला ती आली.

मोकळ्या मैदानावर मामा सीटवर चक्क मांडी घालून बसले. "तुला हल्ली कसं वाटतं गं?" एवढं विचारून त्यांनी ओठ मिटले. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत ती समोर बघतच म्हणाली, "मामा, मला झोप लागत नाही. सकाळ झाली की भीती वाटते. आईला कसं सांगू?"

मामांच्या जिभेवर बदाम आले. त्यांनी ते गिळले. ती बोलत राहिली, गाडी रांगत राहिली, आणि कडेला रचलेल्या जुन्या टायरांवर जाऊन धप्पकन थांबली.

"मामा! ब्रेक का नाही दाबलास?"

"तू बोलत होतीस ना."

ती हसली, दोन महिन्यांत पहिल्यांदा, आणि हसता हसता रडायला लागली. मामांनी रुमाल दिला आणि तिला रडू दिलं.

"डॉक्टरांकडे सोबत येऊ का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"येशील?" तिने नाक पुसलं. "पण बसने जाऊ. तुझ्या गाडीने निघालो तर पुढच्या महिन्यात पोचू."