साहेबांच्या वतीने एक घोट

मी बिअर प्यायलेली आहे. लोणावळ्यात, दिवसाउजेडी, अंगावर नर्सचं पांढरं लुगडं असताना. ज्यांना नाक मुरडायचं त्यांनी खुशाल मुरडावं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी तिथल्या दवाखान्यात होते. बालविधवा, त्यात शिकून नोकरीला लागलेली, म्हणून माहेरच्यांनी माझं नाव टाकलेलं. रोज सकाळी एका म्हाताऱ्या गोऱ्या साहेबांच्या बंगल्यावर पायाची जखम बांधायला जायचे. घाटात रेल्वेचं इंजिन चालवून ते निवृत्त झाले होते. बायको गेली, आणि पुढे एका तापात तोंडाची चव नि नाकाचा वास, दोन्ही कायमचे गेले. कपाटात विलायतेच्या काळपट बिअरच्या थोड्या बाटल्या उरल्या होत्या. लढाईमुळे नव्या येणार नव्हत्या.

एकदा म्हणाले, "सिस्टर, तू पिऊन बघ. कशी लागते, मला सांग."

"माझं काय डोकं फिरलंय?"

स्वयंपाकाची मावशी दारातून म्हणाली, "घ्या की वाईच, बाई. म्हातारं लय आस लावून बसलंय. म्या न्हाई सांगत कुनाला."

ग्लास तिरका धर, आधी उजेडात बघ, वास घे, मग घोट जिभेवर ठेव, असं साहेबांनी शिकवलं. रंग चिंचेच्या कोळासारखा. घोट घेतला. शी! "कडू आहे," मी म्हणाले.

"ते कुणीही सांगेल. आणखी?"

चिडून दुसरा घोट घेतला, तेव्हा हळूहळू सापडायला लागलं. भाजलेली नाचणी. मग काकवी. मग दुधाच्या पातेल्याची करपलेली खरवड, नि शेवटी अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा. माझ्या प्रत्येक शब्दाबरोबर साहेब डोळे मिटून आपल्या ग्लासातला एक घोट घेत होते.

"आणि तुला आवडली?"

हे मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. सासरी पानात पडेल ते गिळायचं, दवाखान्यात डब्यात येईल ते. आधी रागच आला, मग मेलं रडू फुटलं. "आवडली," म्हणाले.

पुढे दर रविवारी एक बाटली. आठवडाभर मी त्याची वाट बघायचे. बिअरची नव्हे, त्या विचारण्याची.

शेवटच्या बाटलीचं बूच काढलं तर आवाजच झाला नाही. फेसही नाही. घोट घेतला, नुसतं आंबलेलं ताक. साहेब माझ्या तोंडाकडे बघत होते. छान आहे म्हटलं असतं तर सुखाने प्यायले असते बिचारे. पण खरं सांगणारं त्यांना माझ्याशिवाय होतं कोण?

"नासली आहे, साहेब. ओतून टाका."

त्यांनी मान हलवली आणि ग्लास बाजूला सारला.

पायाची जखमही भरून आली होती. आता मी तिथे जायचं कारणच उरलं नाही. नुसतं बसायला येत जा, एवढं त्यांनी म्हणावं म्हणून मी कापूस, कात्री, पट्ट्या पिशवीत भरत राहिले, काढत राहिले, पुन्हा भरत राहिले. ते बाटलीचं बूच बोटांत फिरवत बसले. आणि येऊ का, एवढं मलाही विचारता आलं नाही.