कुठे गेला, ते मी बघते

ऑफिसच्या लिफ्टसमोर सुमाताई छत्री उलटी धरून गोल्फचा स्विंग करायच्या. मागे कोण उभंय, कुणाच्या गुडघ्याला लागेल, काही पर्वा नाही. मी नागपूरहून बदलून दिल्लीत नवीन आलेले. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "सरक जरा. आणि खांदे खाली घे. कानांना काय लावून ठेवलेयस?"

त्या आमच्या मंत्रालयात अवर सचिव. लक्ष्मीबाई नगरमध्ये आमचं घर त्यांच्या शेजारीच निघालं आणि माझे रविवार संपले. सकाळी उठवून थेट नोएडाच्या रेंजवर, गोल्फच्या सरावाच्या मैदानात! गोल्फ हा माझ्यासारखीचा खेळच नव्हे हो. दोन मिनिटं एका जागी उभं राहवत नाही मला. काठी वर गेली की कधी एकदा खाली आणते असं व्हायचं, आणि ती चेंडूला लागायच्या आधीच माझी मान वर. चेंडू आपला जागच्या जागी.

"अगं, मारायच्या आधीच कुठे गेला ते काय बघतेस? तू खाली बघ. कुठे गेला, ते मी बघते." हे त्यांचं पालुपद. पकड आवळली की म्हणायच्या, "फाइल नाहीये ती, कोणी पळवत नाही. सैल धर. वर पोचलीस की जरा थांब, यार!"

वैतागत का होईना, मी ऐकत गेले. चेंडू उडायला लागला. हिवाळाभर धुक्यात पुढचं काही दिसायचं नाही, पण मागून ताईंचा आवाज यायचाच, "सरळ! बिल्कुल सरळ!" तेवढ्यासाठी मी रविवारची वाट बघायला लागले.

मग धुकं सरलं. एका लख्ख सकाळी काठी चेंडूला लागताच माझी मान नेमकी वर आली, आणि चेंडू पार उजवीकडे भरकटताना मला दिसला.

"सरळ!" ताई म्हणाल्या.

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. "ताई, तुम्हाला दिसत नाहीये?"

"दिवाळीपासून लांबचं नाही दिसत. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येत नाही. मुलाला बोलू नकोस हं. लगेच बंगळुरूला उचलून नेईल, खेळ बंद."

"आणि मला खुशाल सरळ सरळ म्हणत होतात?" मी चिडलेच.

"मान खाली असली की चेंडूला काठी लागल्याचा आवाज छान येतो गं. मला तेवढं पुरे होतं."

मी कुणाला बोलले नाही. पण निवृत्तीच्या सुमारास जिन्यात त्यांचा पाय चुकला आणि मुलाला सगळं कळलं. तो न्यायला आला. निघायच्या दिवशी ताईंनी हट्टाने गाडी रेंजकडे वळवायला लावली.

त्यांनी मारला. मान खालीच ठेवून विचारलं, "कुठे गेला गं?"

सरळ म्हणावं, असं फार वाटलं. जीभ रेटेना. "उजवीकडे, ताई. बराच."

"बघ! घाई केली मी," त्या खूश होऊन म्हणाल्या. "दे दुसरा."

बाहेर मुलाने हॉर्न दिला. वाजव बाबा, मी मनात म्हटलं, आणि चेंडूंची अख्खी टोपली त्यांच्या पायाशी ओढली.