रामदासभाऊंचा नंबर

रामदासभाऊ माझ्या दुकानात चपला बाहेर काढून यायचे. रिसोडच्या स्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं टीचभर दुकान. फरशीवर दिवसभर चिखलाचे पाय उमटतात. तिथं चपला काढणारा हा एकच माणूस. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जीपची शिरपूरची फेरी आटोपून यायचे, टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "काढ बरं माहा नंबर."

नंबर म्हणजे क्रेडिट स्कोअर. महिन्यातून एकदाच पाहायचा. "रोज रोज पाह्यलं तर नजर लागते त्याले." भाऊ, आपला आपण पाहिल्यानं तो उतरत नाही, कर्जासाठी या बँकेतून त्या बँकेत अर्ज टाकत फिरलं की उतरतो, हे मी शंभरदा सांगितलं असेल. "असन बावा," म्हणायचे आणि पुन्हा महिनाभर फिरकायचे नाहीत.

गेल्या पौषात भाऊ गेले. सोमवारी दारात कोणी थबकलं की अजून मान वर होते माझी.

एके काळी शिरपूर-रिसोड लाइनीवर त्यांची स्वतःची जीप होती, हप्त्यांवर घेतलेली. लॉकडाऊनमध्ये ती दारात उभी राहिली, हप्ते तुंबले, आणि एक दिवस फायनान्सवाले ओढून घेऊन गेले. ती विकूनही बाकी उरलीच. शेवटी कंपनी म्हणाली, निम्मे भरा, निम्मे सोडले. भाऊंनी वहिनींची सोन्याची पोत मोडून निम्मे भरले. कंपनीचा इंग्रजी कागद मीच वाचला आणि मीच म्हणालो, "सुटले भाऊ तुम्ही!" मोठा शहाणा ना मी.

आपल्याकडे भांडण मिटलं की दोन्ही बाजूंनी एका ठिकाणी बसून चहा घ्यायचा, आणि त्यानंतर त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही. काढलं तर गाव थुंकतं. भाऊंनी तेच केलं. वसुलीच्या माणसाला माझ्याच दुकानात नारळ, टॉवेल-टोपी दिली, चहा पाजला. तो बिचारा ओशाळला. "मिटलं," भाऊ म्हणाले आणि दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर म्हणून लागले.

पुढच्या वर्षी त्यांच्या मनीषाचा नर्सिंगला अकोल्यात नंबर लागला. पोरगी हुशार, रिठदच्या मामाकडे राहून बारावी केलेली. शैक्षणिक कर्जाला बापाची सही लागते. बँकेत साहेबांनी कॉम्प्युटर पाहिला आणि मान हलवली. भाऊंच्या नावापुढे कर्ज 'फिटलं' असं नव्हतं, 'तडजोड' असं होतं. स्कोअर पाचशे अठ्ठेचाळीस, आणि बँकेला हवा सातशेच्या वर.

"पण मिटलं होतं ना? चहा पेला ना आमी!" भाऊ मला विचारत होते. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौकशी केली तेव्हा उपाय कळला. कंपनीने सोडलेले पैसेही भरायचे, काही देणं उरलं नाही असा बेबाकीचा दाखला घ्यायचा आणि नोंद दुरुस्त करून घ्यायची. मेहुण्याने त्यांना वेड्यात काढलं, "सोडलेले पैसे कोनी देते काय?" भाऊ म्हणाले, "त्यानं सोडले. म्या कुठं सोडले?" चौदा महिने रात्रंदिवस गाडी चालवून त्यांनी पै न् पै भरली. सोबत पतसंस्थेचं छोटं कर्ज घेऊन त्याचा हप्ता दोन दिवस आधीच भरायचे. "जीपले उशीर चालते, हप्त्याले नाई." तरी नंबर मुंगीच्या पावलानं चढायचा. पाचशे नव्वद. सहाशे बत्तीस. माझ्यावर एका शब्दाने चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

दोन वर्षं मनीषाची जागा गेली. मग मेहकरचं स्थळ आलं. भाऊंनी तिला विचारलं, "अजून थांबतं काय, बाई?" ती हसून म्हणाली, "बाबा, तुमचा नंबर येईपर्यंत माहे केस पिकतीन." हे मला सांगताना भाऊही हसले. हसता हसता तोंड फिरवून बाहेर गाडीकडे पाहत राहिले.

लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात आकडा आला, सातशे एकतीस. मी ओरडलोच, "भाऊ, झालं! आता कोणीही कर्ज देईल!"

त्यांनी मांडीवरची टोपी उचलली. "आता कोनासाठी घेऊ?"

मग त्यांनी खिशातून आपला मोबाइल काढून दिला. "याचा फोटो काढून पोरीले पाठव. लिही, बाप फुकट नोयता बसला."

मी तसंच लिहून पाठवलं. भाऊ टोपी हातात घेऊन बसून राहिले. शिरपूरचे पॅसेंजर बाहेरून हाका मारत होते, तरी उठेनात. पंधरा-वीस मिनिटांनी मोबाइल वाजला. त्यांचा चष्मा गाडीत राहिला होता, म्हणून मलाच वाचावं लागलं. नंबराबद्दल एक अक्षर नव्हतं.

"बाबा, जेवले काय?"

"जेवलो म्हनून लिही," भाऊ म्हणाले. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.