दाजी आणि मोटारीतला खटका

जिंतूर-परभणीच्या रस्त्यावर आमच्या दाजींइतकी हळू मोटार हाकणारा आणि वाटेत इतक्यांदा थांबणारा माणूस दुसरा झाला नाही, हे मी कुणाशीही पैज लावून सांगेन. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. जिंतूरला वकिली करत. पोलीस ॲक्शननंतर तिथले एक मोठे अंमलदार बाडबिस्तरा गुंडाळून हैदराबादेकडं निघाले, तेव्हा त्यांची जुनी विलायती मोटार दाजींनी घेतली. मोटारीबरोबर तिचा आवाजही आला. गाडी जागची हलली की खालून ‘खट्’ व्हायचं, आणि वेग धरला की पायाखालच्या फळ्या थरथरायच्या. दुसरा कुणी म्हणाला असता, जुनी गाडी, वाजायचीच. दाजींनी त्या खटक्यावर खटला भरला. कोर्टात उर्दू मागं पडत चालली होती आणि दाजींची सगळी वकिली उर्दूतली. त्यामुळं त्यांना सवड भरपूर होती.

“आवाज झूठी गवाही देतोय,” ते मला समजावून सांगत. “बोलायलाय पुढून, गुन्हेगार बसलाय मागं. उलटतपासणी घेतल्याबिगर कबूल करायचा न्हाई.” ही उलटतपासणी म्हणजे उतारावर गाडी गिअरमधून काढून नुसती सोडून द्यायची, तरीही थरथर राहिली तर इंजिन बाइज्जत बरी. मग मागचं चाक जॅकवर उचलून हातानं पुढं-मागं हलवायचं आणि ढिलाई कुठं आहे ते बघायचं. गिअरच्या पेटीवर आक्काच्या लाटण्याचं एक टोक टेकवून दुसरं कानाला लावायचं. आक्का सैपाकघरातून म्हणायची, “पोळ्यांना ग्रीसचा वास आला तर मला बोलू नका.” मी गेलो की मागच्या सीटपुढची फळी काढून मला तिथं पालथं घालत आणि इंजिनाकडून मागच्या चाकांकडं जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर, शाफ्टवर, नजर ठेवायला सांगत. काळ्या मातीचा फुफाटा नाकातोंडात घेऊन मी उठलो की ते अधीरपणे विचारत, “काय दिसलं?” मला कधीही काहीही दिसलं नाही.

एकदा ओळखीच्या एका शेतकऱ्यानं मुलाच्या लग्नासाठी मोटार मागितली. नवरदेव मुंडावळ्या बांधून मागं बसला. वेशीबाहेर गाडी एकदम वेगळीच वाजली. दाजींनी थांबवली, नवरदेवाला खाली वाकून फळीला कान लावायला सांगितला आणि गाडी पुन्हा पुन्हा पुढं-मागं केली. नवरदेवाचे वडील कासावीस झाले. “वकीलसाहेब, मुहूर्त टळायलाय!” दाजी शांतपणे म्हणाले, “मुहूर्त दुसरा काढता येतो. असा साफ आवाज पुन्हा निघायचा न्हाई.” शेवटी वऱ्हाड्यांनी नवरदेवाला खांद्यावर बसवून मांडवात नेलं.

लग्नाला कितीतरी वर्षं होऊनही आक्काच्या घरी पाळणा हलला नव्हता. सगळ्यांनी आशा सोडली, आणि तेव्हा तिला दिवस गेले. दाजी घरात चवड्यांवर चालू लागले. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, वय झालंय, बाळंतपणाला इथंच आणा. तेव्हापासून दाजींना एकच घोर लागला. त्या थरथरणाऱ्या मोटारीतून आक्काला न्यायचं कसं? त्यांनी पुन्हा सगळी तपासणी केली आणि गुन्हेगार सापडला. शाफ्टचा पुढचा सांधा पार झिजला होता. नवव्या महिन्याच्या आत परत येईल अशा हिशेबानं त्यांनी शाफ्ट काढून दुरुस्तीला हैदराबादेस पाठवला. “आता बघ,” मला म्हणाले, “पालखीतून नेल्यासारखी नेतो तिला.”

आक्काला आठव्यातच कळा सुरू झाल्या. संक्रांतीच्या सुट्टीत मी तिथंच होतो. सुईणीनं हात लावून पाहिला आणि बाहेर येऊन म्हणाली, “आडवं आलंय. माझ्या हातचं न्हाई. परभणीला न्या.” मोटार अंगणात उभी होती, शाफ्टविना ती हलणार कशी? सकाळची बस निघून गेली होती. दाजी मोटारीजवळ गेले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, आणि मग शेजाऱ्याची बैलगाडी जुंपायला धावले. कडब्यावर गोधड्या अंथरल्या. सगळी वाट दाजी आक्काचा हात धरून गाडीशेजारून चालले. वाटेतल्या बोरी गावाच्या पुढं आक्का बाळंत झाली. मुलगा होता. तो रडला नाही.

आक्का वाचली. पुढं शाफ्ट गोणपाटात बांधून आला, पण दाजींनी ते गोणपाट सोडलंच नाही. ते नुसते ओसरीवर बसून असत. एका सकाळी आक्का शाफ्टजवळ येऊन उभी राहिली.

“बसवा हा.”

“कुणासाठी?”

“पोराला धक्का बसू नये म्हणूनच काढला होता न्हवं तुमी? मला ठावं हाय. या गावात आणखी बायका हाईत. त्यांच्यासाठी बसवा.”

दाजी तोंड झाकून रडले. मग उठले आणि हत्यारांच्या पेटीतून पाने काढले.

त्यानंतर आसपासच्या गावांतून कुणीही हाक मारली की मोटार निघे. मागं अडलेली बाई, तिच्या डोक्याशी आक्का, पुढं दाजी. आता ते थांबत नसत, कुठल्याही आवाजाला कान देत नसत. मी विचारलं तर म्हणत, “वाजू दे.”

अशाच एका फेरीला मी बरोबर होतो. वाटेत चाक पंक्चर झालं. आम्ही दोघं ते बदलत होतो, आणि मागं रडण्याचा आवाज आला. लहान, चिडका, खणखणीत. दाजींच्या हातातला पाना तसाच राहिला. आक्का लुगड्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन उतरली. “धरा जरा. मला आईकडं बघायचंय.”

“माझे हात...”

“धरा म्हणते ना.”

दाजींनी धोतराला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि बाळ घेतलं. कडेच्या ज्वारीच्या बाजूनं ते हळूहळू चालू लागले. काहीतरी पुटपुटत होते, मला ऐकू आलं नाही. चाक मीच बसवलं. आक्कानं हाक मारली, “द्या आता त्याच्या आईकडं.”

“देतो,” दाजी म्हणाले, आणि पाठमोरे चालत राहिले. आक्कानं दुसऱ्यांदा हाक मारली नाही.