इंजनाला पाणी

आमच्या गावात पिठाची एकच गिरणी होती आणि ती माझ्या थोरल्या भावाची होती. गाव पेडगावच्या पलीकडे, डांबरी रस्त्यापासून कोसभर आत. येलदरी धरणाची वीज खांबांवर आली होती, पण एक दळण पुरं होईपर्यंत ती टिकेल असा भरवसा नसे. म्हणून गिरणी तेलाच्या इंजनावर चाले. एका सिलिंडरचं, दोन मोठ्या चाकांचं जुनं इंजन. सुरू करण्याआधी त्याच्या डोक्यावरची लोखंडी टोपी स्टोच्या जाळानं तापवावी लागे. एकदा इंजन चालू झालं की आतल्या जाळानंच ती तापलेली राही आणि तिच्या उष्णतेनं तेल पेटे.

हे इंजन सांभाळणारे मिस्त्री बौद्ध वस्तीतले होते. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. तेव्हा मी त्यांना अरे-तुरे करत असे. ते मला गुरुजी म्हणत, कारण मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. इंजनाला त्यांचा हात चाले, दळणाला चालत नसे. चक्कीत ज्वारी ओतायला भावानं दुसरा माणूस ठेवला होता. हे मला तेव्हा खटकलं होतं असं लिहायचा मोह होतो. खटकलं नव्हतं.

शाळा सुटली की मी गिरणीत जाऊन बसे. लग्नसराईत दळणांची रांग लागली, भार वाढला, की इंजन ठोकायला लागे. आतून कुणी हातोडा मारतंय असा आवाज यायचा. मग मिस्त्री खुंटीला टांगलेल्या पत्र्याच्या डब्याची तोटी जराशी सैल करत. हवा आत जाते त्या नळीत पाण्याचा एकेक थेंब पडू लागे आणि थोड्या वेळात ठोका विरून जाई. डब्यात ते विहिरीचं पाणी घालत नसत, कारण त्याचा खार बसतो. नदीचं आणत, तेही फडक्यातून गाळून.

मला त्यामागचं कारण ठाऊक होतं आणि ते सांगण्याची हौसही होती. टोपी फार तापली की तेल वेळेआधीच पेटतं, दट्ट्या वर येत असतानाच त्याच्यावर आघात होतो. पाण्याची वाफ होताना ती उष्णता खाते, म्हणून तेल आपल्या वेळेला पेटतं. एका मासिकात मी वाचलं होतं की काही विमानांच्या इंजनातही पाणी फवारतात. जमीन सोडताना सगळ्यात जास्त जोर लागतो. पाण्यानं आत जाणारी हवा थंड आणि दाट होते, जास्त इंधन जाळता येतं आणि इंजन भट्टीसारखं तापत नाही. हे सगळं मी मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी हात पुसत ऐकून घेतलं.

"म्हंजी इमान बी आपल्यातलंच की," ते म्हणाले. "वझं पडलं की पानी मागतंय. फकस्त त्येला कुनी न्हाई म्हनत न्हाई."

मी हसलो. ते कशाबद्दल बोलले हे मला घरी गेल्यावर कळलं.

इंजन बंद करण्याची त्यांची एक रीत होती. पाव घंटा आधी तोटी घट्ट बंद करायची, चक्कीचा पट्टा उतरवून इंजन मोकळं चालवायचं, आत कोरडं झालं की मगच तेल बंद करायचं. ही रीत मला पोथीतल्या नेमासारखी वाटे. एवढ्या तापलेल्या लोखंडात पाणी राहीलच कसं, असा माझा हिशेब होता.

विधानसभेत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, जाळपोळीच्या बातम्या आल्या, त्याच्या पुढच्या श्रावणातली गोष्ट. आमच्या गावात घर जळलं नाही, पण बोलणं बदललं होतं. एका शनिवारी मिस्त्रींना नामांतराच्या बैठकीसाठी परभणीला जायचं होतं. भाऊ मानवतला गेला होता. एक दळण राहिलं होतं, ते चक्कीत ओतून दळणारा माणूस घरी गेला होता आणि एसटीची वेळ झाली होती.

"गुरुजी, येवढं दळन झालं की तोटी बंद करा," ते म्हणाले. "पाव घंटा मोकळं चालू द्या, मंग तेल बंद करा."

मी हो म्हणालो.

मी विसरलो नाही, हे सांगायला हवं. विसरलो असतो तर बरं झालं असतं. शेवटची बाई पीठ घेऊन गेल्यावर मी इंजनासमोर उभा राहून विचार केला. इंजन हवा ओढतं म्हणून थेंब आत जातो, ओढणं थांबलं की थेंबही थांबेल. मी सरळ तेल बंद केलं आणि घरी गेलो. डबा नळीच्या वर टांगलेला होता, हे माझ्या विज्ञानात बसलं नाही. डब्यातलं सगळं पाणी हळूहळू आत उतरलं.

रविवारी गिरणी बंद, सोमवार श्रावणातला म्हणून तेव्हाही बंद. मंगळवारी चाक हलेना. भावानं दोघांना हाताशी घेऊन जोर लावला, तेव्हा आतला दांडा वाकला. उघडून पाहिलं तर पाणी आणि गंज. तोवर चार माणसं जमली होती. त्यांतला एक म्हणाला की बैठकीची घाई होती, दुसरं काय. दुसऱ्यानं सरळ सांगितलं, मुद्दाम केलंय.

भावानं मिस्त्रींना विचारलं.

"मी गुरुजीला सांगून गेलतो," ते म्हणाले. "तवा इंजन चालू व्हतं."

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"मी आलो तेव्हा इंजन बंद होतं," मी म्हणालो.

"गुरुजी?" मिस्त्री एवढंच म्हणाले. मी खाली पाहिलं. भावानं त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं. पीठ घेऊन गेलेली बाई खरं सांगू शकली असती. तिला कुणी विचारलं नाही. इंजनात पाणी भरणारा मिस्त्री म्हणून त्यांचं नाव आसपासच्या गावांत गेलं आणि कुठल्याच गिरणीत त्यांना काम मिळेना. वर्षाच्या आत ते बिऱ्हाड घेऊन मानवतला गेले.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या वर्षी ते मला मानवतच्या बसस्थानकाबाहेर भेटले. पाण्याचे पंप दुरुस्त करत होते. मी त्यांना पहिल्यांदाच अहो म्हणालो आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पाना थांबवला नाही.

"मला काय सांगायलात? मला त्याच दिशी म्हाईत व्हतं," ते म्हणाले. "ज्येंच्या म्होरं बोललात, त्येंच्या म्होरं सांगा."

मी गावी जाऊन भावाला सांगितलं. तो म्हणाला, आता ते इंजनही नाही आणि मिस्त्रीही नाही, कशाला उकरतोस. त्या चौघांपैकी दोघं वारले होते. उरलेले दोघं मारुतीच्या पारावर बसतात आणि मला पाहिलं की सरकून जागा करून देतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांतल्या एकानं, सुट्टीवर आलेल्या आपल्या जावयाला ती हकीकत सांगितली: बैठकीला जायचं म्हणून त्या मिस्त्रीनं इंजनात कसं पाणी सोडलं. मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "इचारा की, गुरुजी तिथंच व्हते."

जावयानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.